दरीकडची बाजू

नोव्हेंबर लागला की आज्जा म्हणायचा,
"जिवंत हाय म्हणून सांगून येतो."
कॅन्टीनचे काळे बूट पुसून बँकेत जायचा.
साहेब बसा म्हणाले तरी उभाच,
सही करायचा: केरबा संतू मगदूम, हवालदार,
आणि खाली, कुणी विचारलेला नसताना,
आपला फौजेतला नंबर.

यंदाही नोव्हेंबर आला.
हा दाखला मी लिहिते आहे,
बँकेत न चालणारा.

लढाईचं विचारलं की तो खेचराचं सांगायचा.
खुरावर डागलेला आकडा, तीनशे अठ्ठावीस.
नाव ठेवायचा हुकूम नव्हता.
यानं ठेवलं होतं: हौसा.
बर्फातली वाट दोन खुरांएवढी,
जनावर डोंगराला चिकटून,
माणूस दरीकडून.
"घसरायचं झालं तर आदी आपण.
तिच्या पाठीवर वरच्या पोरांचं जेवाण असतंय."
एवढीच लढाई.
साल नाही, शत्रू नाही, किती मेले ते नाही.
हौसाचं पुढं काय झालं, हे विचारलं
की उठून गुळाची ढेप फोडायला बसायचा.

पदकं आजीच्या शिवणाच्या डब्यात, बटणांत मिसळलेली.
एकाची फीत मी बाहुलीच्या कमरेला बांधली
तर लांबून बघून म्हणाला, "शोभतंय."

संध्याकाळी गंगावेशीत म्हशी यायच्या,
ग्लासात थेट धार, फेस नाकाला.
आज्जा दूध प्यायच्या आधी वाकायचा,
म्हशीचा पुढचा पाय उचलून खूर बघायचा.
"आज्जा, म्हस हाय ती, घोडं न्हवं," गवळी हसायचा.
"पाय कुणाचाबी असू दे. बघावा."

शाळेला सोडायला यायचा तेव्हा
मी दुकानांच्या कडेनं, तो रस्त्याच्या.
एसटी त्याच्या बाहीला घासून जायची.
इथं कुठाय दरी, मी म्हणायचे.
तो नुसता रिक्षांकडं बोट दाखवायचा.

आणि मी वर्गात सांगितलं होतं
की माझा आज्जा रणगाड्यावर होता.
खेचराची लाज वाटायची.
पंधरा ऑगस्टला बाईंनी त्यालाच स्टेजवर बोलावलं,
"रणगाड्याबद्दल मुलांना दोन शब्द सांगा."
माझ्या पोटात गोळा.
त्यानं एकदाच माझ्याकडं पाहिलं,
घसा खाकरला, म्हणाला,
"रणगाडा लई हट्टी.
गूळ दिल्याबिगर पाऊल टाकत न्हाई.
पर एकदा तुमच्यावर जीव जडला
की बर्फातबी मागं येतोय."
सगळी शाळा हसली.
घरी जाताना तो काही बोलला नाही.
मीही नाही.
आजवर नाही.

तो गेला तेव्हा गुऱ्हाळं पेटलेली होती,
नदीपलीकडून गोड धूर येत होता.
कोटाच्या खिशात
चष्म्याची एक काडी, हयातीच्या दाखल्याची जुनी पावती,
आणि गुळाचा खडा, कागदात गुंडाळलेला.
कुणासाठी, ते काय सांगू.

बायकांनी कोपऱ्यापर्यंतच यायचं, काका म्हणाले.
मी चालत राहिले,
तिरडीच्या बाहेरच्या अंगानं, गाड्यांच्या बाजूनं,
पंचगंगेच्या घाटापर्यंत.
शेणी रचून झाल्या.
त्याच्या पलटणीतले दोन म्हातारे आले होते,
एकाचा सलाम कपाळापर्यंत पोचेना,
दुसऱ्यानं त्याचं कोपर खालून धरलं.

आता आजीला मी बँकेत नेते.
तिचा अंगठा मशीन ओळखत नाही,
शेण्या थापून रेघा झिजल्यात.
पुन्हा लावा, पुन्हा लावा, पोरगा म्हणतो.
ती चिडते. "समोर हुबी हाय की रं मी!"

परतताना ती विचारते,
अशी भायेरनं का चालतीस गं?
डंपर जातो. मी काही सांगत नाही.
माझ्या पर्समध्ये तो खडा आहे अजून.
मुंग्या लागतात.
लागू देत.